पार्किन्सन नावाचा एक माणूस होता

एखाद्या नावाला रोग चिकटला की तो सुटता सुटत नाही. आम्हा नवापूरकरांना हे कोणी सांगायला नको. २००६ च्या फेब्रुवारीत आमच्याकडच्या कुक्कुटपालन केंद्रांतील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. देशातील ती पहिलीच नोंद. रंगावली नदीकाठचे हे तालुक्याचे गाव पाहता पाहता जगभरच्या वर्तमानपत्रांत जाऊन पोहोचले. त्याआधी नवापूर म्हटले की लोकांना तूरडाळ आठवे, नाहीतर ज्याच्या एकाच फलाटाचा थोडा भाग महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत आहे, ते रेल्वे स्थानक आठवे. त्यानंतर मात्र परगावी गेलो की समोरचा आधी कोंबड्यांचीच चौकशी करी.

लंडनच्या एका डॉक्टरच्या वाट्याला हेच आले, आणि तेही कायमचे. जेम्स पार्किन्सन हयात असताना त्याचे नाव ऐकून कोणाच्या छातीत धस्स होत नसे. तो गोरगरिबांचा वैद्य होता, सरकारच्या डोळ्यांत सलणारा पत्रकलेखक होता, अश्मीभूत शंखशिंपल्यांचा नामांकित अभ्यासक होता. आज हे सारे पुसले गेले आहे आणि नाव तेवढे उरले आहे, एका रोगाचे.

आमच्या घरात हे नाव गेली चौदा वर्षे दिवसातून चार-पाच वेळा घेतले जाते. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आणि बाजारपेठेत सगळेच अण्णा म्हणतात, त्यांना कंपवात आहे. पार्किन्सनची गोळी झाली का, पार्किन्सनचे डॉक्टर कधी बोलावतात, अशी आमची बोलण्याची रीत. पुढे मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेची, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनची गोष्ट निघाली, तेव्हा मी मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता रोगाच्या मागे उभा असलेला हा माणूस सापडला. शस्त्रक्रियेविषयी जो प्रश्न आम्हाला छळत होता, त्याच्या उत्तराची पहिली पायरीही त्याच्याच पुस्तकात निघाली. म्हणून आज त्याची ओळख करून द्यावी असे मनात आहे.

हॉक्स्टनचा वैद्य

जेम्सचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. जागतिक पार्किन्सन दिन आज याच तारखेला पाळला जातो. वडील जॉन पार्किन्सन हे ॲपोथेकरी, म्हणजे रोगीही तपासायचे आणि औषधही स्वतःच कुटून द्यायचे अशा पठडीतले वैद्य. मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला, काही महिने लंडन हॉस्पिटलात उमेदवारी केली, आणि १७८४ मध्ये सर्जन म्हणून मान्यता मिळाल्यावर बापाचा दवाखाना पुढे चालवू लागला. ज्या भागात जन्मला, त्याच भागात त्याने संसार केला आणि तिथल्याच सेंट लिओनार्ड चर्चच्या आवारात तो चिरविश्रांती घेतो आहे.

माणूस मात्र एका जागी बसणारा नव्हता. १७७७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गळफास लावून घेतलेल्या एका माणसाला त्याने शुद्धीवर आणले आणि रॉयल ह्यूमेन सोसायटीचे रौप्यपदक मिळवले. १७८५ मध्ये जॉन हंटर या त्या काळच्या थोर शल्यविशारदाच्या व्याख्यानांना तो बसला. त्याला लघुलेखन येत होते, त्यामुळे व्याख्याने त्याने जवळजवळ जशीच्या तशी टिपून घेतली. पुढे १८३३ मध्ये त्याच्या मुलाने ती टिपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पाहिले-ऐकले ते तिथल्या तिथे नीट टिपायचे, ही सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे. सारे पुढचे चरित्र तिच्यावरच उभे आहे.

१७८० च्या दशकात त्याने वीज पडून जखमी झालेल्या माणसांवर एक निबंध लिहून लंडनच्या वैद्यकीय मंडळापुढे मांडला. विजेचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो याचे कुतूहल त्याला होते. त्याच्या नावाच्या रोगावर दोनशे वर्षांनी विजेचाच उपाय निघावा, हा केवळ योगायोग, पण मोठा गोड योगायोग!

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या त्या धामधुमीत इंग्लंडमध्येही सामान्य माणसाला मताचा अधिकार हवा अशी चळवळ उभी राहिली. पार्किन्सन तिच्यात पडला. ओल्ड ह्यूबर्ट या टोपणनावाने त्याने पत्रके लिहिली. गरिबांवरचे कर, भाकरीची महागाई, श्रीमंतांच्या मुठीतले पार्लमेंट हे त्याचे विषय. १७९४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याला नाटकगृहात विषारी बाणाने मारण्याचा कट उघडकीस आल्याची आवई उठली. लोकांनी त्याला पॉपगन प्लॉट, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीचा कट असे नाव ठेवले. पकडलेल्यांत पार्किन्सनच्या ओळखीचे लोक होते. खुद्द पंतप्रधान विल्यम पिट यांच्यासमोर त्याची उलटतपासणी झाली. राजद्रोह शाबीत झाला असता तर गळ्याशी आले असते, पण तो सुखरूप बाहेर पडला. नंतर राजकारणातून त्याने अंग काढून घेतले. गरीब माणसातून मात्र काढले नाही.

त्याची लेखणी आता घराघरांकडे वळली. १७९९ मध्ये कुटुंबांसाठी आरोग्याच्या सूचनांचे पुस्तक, १८०० मध्ये खेड्यातल्या माणसांसाठी वैद्यकाचे पुस्तक, मुलांना धोकादायक खेळांपासून सावध करणारी एक गोष्ट, आणि त्याच सुमारास रसायनशास्त्राची खिशात मावणारी पुस्तिकासुद्धा! १८०४ ते १८११ या काळात पुरातन जीवांच्या अवशेषांवर त्याचे तीन सचित्र खंड निघाले. १८०७ मध्ये लंडनची भूशास्त्र संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. गोगलगाईच्या शंखासारख्या वळणाचा एक अश्मीभूत जीव आजही पार्किन्सोनिया या नावाने ओळखला जातो. १८१२ मध्ये बापलेकांनी मिळून आंत्रपुच्छ फुटून दगावलेल्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजीतल्या अशा अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक.

एवढे सगळे करून रोज सकाळी दवाखाना होताच. अनाथ, म्हातारेकोतारे आणि निराधार यांच्यासाठी चालवलेल्या वर्कहाऊसमधले रोगीही तो पाहत असे.

सहा माणसे आणि सहासष्ट पाने

अशा या माणसाने १८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, अवघ्या ६६ पानांचे एक पुस्तक लिहिले. विषय होता शेकिंग पाल्सी, म्हणजे कंप सुटणारा वात. त्यात सहा माणसांची हकिकत आहे. या सहांपैकी दोघे त्याला रस्त्यात भेटले आणि एकाला तर त्याने फक्त लांबून पाहिले. म्हणजे निम्मे रोगी त्याच्या दवाखान्यात कधी आलेच नव्हते.

रस्त्यात दिसलेल्या माणसाला पाहून आपण काय करतो? कोणी वाकून भरभर, अडखळत चालला असेल तर बाजूला सरतो. हात थरथरताना दिसला तर नजर वळवतो. मनात येते, पिऊन आला असेल. पार्किन्सन थांबला, त्याने विचारपूस केली, कधीपासून, कोणत्या हातापासून, झोप लागते का, घास तोंडापर्यंत नेता येतो का. आणि घरी जाऊन टिपून ठेवले.

पहिला रोगी माळीकाम करणारा होता. लांबून पाहिलेल्या गृहस्थाचे वर्णन तर डोळ्यांसमोर चित्र उभे करते. नोकर त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून समोर उभा राही, गृहस्थ हळूहळू मागेपुढे झुलत तोल सावरी, मग इशारा देऊन धावत सुटे. नोकर चटकन बाजूला होऊन पुढे पळे, कारण वीसेक पावलांवर त्याला झेलावे लागे. कंपवाताचा रोगी घरात असलेल्या कोणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. आमच्या अण्णांना उंबरठ्याशी पाय चिकटल्यासारखे झाले की आम्हीही समोर उभे राहून एक-दोन, एक-दोन असा ठेका धरतो, तेव्हा कुठे पाऊल उचलते.

असा थरकाप वैद्यांना पूर्वीही ठाऊक होता. आपल्या आयुर्वेदातही कंपवात आहे. पार्किन्सनचे वेगळेपण हे की हात स्वस्थ असताना येणारा कंप, पुढे झुकलेले अंग, घाईघाईची लहान पावले, जड होत जाणारी जीभ, बद्धकोष्ठ आणि मोडलेली झोप ही सारी एकाच रोगाची अंगे आहेत, हे त्याने ओळखले. रोग इतक्या चोरपावलांनी येतो की सुरुवात कधी झाली हे रोग्यालाही सांगता येत नाही, हेही त्याने नोंदवले.

त्याच्या नजरेतून काही सुटलेही. बुद्धी आणि मन यांना धक्का लागत नाही असे त्याला वाटले. आज आपण जाणतो की उदासी आणि पुढेपुढे विसराळूपण यांचाही या रोगात वाटा असतो. रोगाचे मूळ मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी असावे असा त्याचा तर्क होता, तोही चुकला. पण हा आपला तर्क आहे, पाहिलेली गोष्ट नव्हे, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आणि शवविच्छेदन करणाऱ्यांनी खरे मूळ शोधावे अशी विनंती केली. पाहिले किती आणि मानले किती, यांच्यामध्ये त्याने रेघ ओढली.

सहाव्या रोग्याची हकिकत या सगळ्यात महत्त्वाची. बहात्तर वर्षांच्या या गृहस्थाला कंपवात होताच. त्यात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि एक बाजू लुळी पडली. लुळ्या पडलेल्या हातापायांचा कंप तेवढ्या काळापुरता साफ थांबला. थोड्या दिवसांनी हातापायांत बळ परतले, आणि त्याच्यासोबत कंपही परतला. पार्किन्सनने ही नोंद केली आणि तो पुढे गेला. पण तिचा अर्थ मोठा होता. कंप हातात नसतो, तो मेंदूतून येणाऱ्या कुठल्याशा वाटेने येतो, आणि ती वाट अडली तर कंपही अडतो!

रंग गेलेला काळा भाग

पुस्तकाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पार्किन्सनच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील जाँ मार्तँ शार्को याने या रोगाचा बारकाईने अभ्यास केला. या रोग्यांना लुळेपणा नसतो, प्रत्येकाला कंपही असतोच असे नाही, तेव्हा जुने नाव बरोबर नाही, असे सांगून त्याने रोगाला पार्किन्सनचे नाव दिले.

मूळ कुठे आहे, या पार्किन्सनच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या शतकात मिळाले. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ या संशोधकाने पॅरिसमध्येच दाखवले की या रोग्यांच्या मेंदूच्या खालच्या भागातील सब्स्टॅन्शिया नायग्रा हा काळसर भाग फिका पडलेला असतो. तिथल्या पेशी मेलेल्या असतात. त्या पेशी करीत काय होत्या, हे समजायला आणखी चाळीस वर्षे लागली, आणि या वाटेवर आपल्या मातीतल्या दोन वनस्पती भेटतात.

पहिली सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे आणला. तिच्यातून पुढे रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते कंपवाताच्या रोग्यासारखे खिळून बसले. मग लेव्होडोपा हे द्रव्य टोचले, आणि ससे पुन्हा हलू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. डोपामिन हा मेंदूतला एक स्वतंत्र निरोप्या आहे, हे यातून उजेडात आले. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकेविच यांनी दाखवले की कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत हे डोपामिनच आटलेले असते. काळ्या भागातल्या पेशींचे काम तेच होते.

दुसरी वनस्पती खाजकुइली. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो, हे खेड्यात वाढलेल्या कोणाला सांगायला नको. तिच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच लेव्होडोपा वेगळे काढले होते. आपल्या वैद्यांची कपिकच्छू ती हीच. (म्हणून कोणी घरच्या घरी बिया दळून खाऊ नयेत. कोणत्या बीमध्ये किती लेव्होडोपा, याचा भरवसा नसतो, आणि गोळ्या चालू असतील तर मात्रा दुप्पट होऊन बसते.) १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी अमेरिकेत लेव्होडोपाची मात्रा सावकाश वाढवत तोंडावाटे दिली आणि वर्षानुवर्षे खिळलेली माणसे चालू लागली. आजही या रोगावरचे मुख्य औषध तेच आहे.

पण या औषधाचे एक दुखणे आहे. काही वर्षांनी त्याचा परिणाम तासांवर येतो. अण्णांचे नवव्या-दहाव्या वर्षी तसेच झाले. गोळी घेतली की दीड-दोन तास अंग मोकळे, मग पुन्हा दगड. आणि गोळी ऐन भरात असताना मान आणि खांदे आपोआप हेलकावू लागत. गिरणीच्या चोपडीतले त्यांचे टपोरे अक्षर आधीच मुंगीएवढे झाले होते. आता ते दुकानात बसेनासे झाले. लोक हाताकडे पाहतात, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले.

तारेने काय होते, काय होत नाही

मेंदूतली वाट अडवली तर कंप थांबतो, ही सहाव्या रोग्याची शिकवण विसाव्या शतकातल्या शल्यविशारदांनी हाती घेतली. मेंदूच्या गाभ्यातल्या थॅलॅमस या भागात नेमक्या जागी छोटीशी जखम करून ते कंप थांबवू लागले. नेमकी जागा सापडावी म्हणून आधी विजेच्या सुईने चाचपून पाहत. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आले की सुईतून सेकंदाला शंभराहून अधिक वेळा विजेचे ठोके दिले तर जखम न करताच कंप थांबतो, आणि ठोके बंद केले की परततो. मग जखम करायचीच कशाला? तारच आत ठेवून दिली तर? इथून डीप ब्रेन स्टिम्युलेशन जन्माला आले. १९९३ मध्ये बेनाबिद आणि त्यांचे सहकारी पिएर पोलाक यांनी सबथॅलॅमिक न्यूक्लियस या गाठीत तार ठेवली, तेव्हा कंपाबरोबर ताठरपणा आणि मंदपणाही कमी झाला. भारतात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया सुरू झाली. मुंबईचे जसलोक रुग्णालय तिच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक.

ही गाठ जेमतेम तुरीच्या एका दाण्याएवढी. तार दीड मिलिमीटरहूनही बारीक. ती कातडीखालून छातीपर्यंत आणून गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडतात.

आता आमच्या घरातला प्रश्न. हे यंत्र मेंदूत डोपामिन तयार करते का? आमच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण असेच समजून बोलत होता. बॅटरी बसवली की मेंदू पुन्हा आपले रसायन बनवू लागेल, गोळ्या सुटतील, रोग संपेल. लाखांच्या घरातला खर्च माणूस अशाच आशेवर करायला निघतो. म्हणून नीट समजून घेणे भाग होते.

निरोगी मेंदूत डोपामिन हालचालीचा ब्रेक सैल करते. ते आटले की ती तुरीएवढी गाठ बेफाम होते आणि ग्लुटामेट हे उत्तेजित करणारे रसायन पुढच्या ठाण्यावर ओतत राहते. ते ठाणे मग गाबा हे दाबून धरणारे रसायन थॅलॅमसवर ओतते. ब्रेक दाबलेलाच राहतो. शिवाय या गाठीतल्या पेशी सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा, सगळ्या मिळून एकाच ठेक्यात धडधडू लागतात. आमच्याकडे होळीला मोठा ढोल घुमू लागला की सगळी रांग त्याच ठेक्यावर हलते, कोणाला स्वतःचे वेगळे पाऊल टाकता येत नाही, तसेच काहीसे. तारेतून सेकंदाला सुमारे १३० ठोके गेले की हा जीवघेणा ठेका मोडतो आणि पुढच्या ठाण्यांना आपापले काम करायला उसंत मिळते.

रसायनांचे म्हणाल तर गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. उंदरांच्या मेंदूत अशी वीज दिल्यावर डोपामिन वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले. माणसांत मात्र तसे दिसले नाही. पेट स्कॅन या तपासणीत डोपामिनच्या जागा हेरणारे द्रव्य शिरेतून देऊन, यंत्र चालू असताना आणि बंद असताना मेंदू तपासला गेला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासांत डोपामिनमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. रोग्याचे अंग मोकळे झालेले, पण डोपामिन होते तेवढेच! त्याउलट, शस्त्रक्रिया चालू असताना रोग्यांच्या थॅलॅमसमधला द्रव बारीक नळीने तपासला, तेव्हा वीज सुरू केल्यावर तिथले गाबा कमी झालेले आढळले. म्हणजे आटलेली विहीर यंत्राने भरत नाही. पाणी अडवून बसलेला बांध तेवढा ढिला होतो.

एवढे कळले की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या बऱ्याच रोग्यांत तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने कमी होतात, पण सहसा पूर्ण सुटत नाहीत, कारण डोपामिनची उणीव तशीच असते. गोळ्या कमी झाल्या की हेलकावेही कमी होतात. ज्याला लेव्होडोपाचा गुण येतो, त्यालाच सहसा तारेचाही येतो. म्हणून डॉक्टर आधी गोळी बंद असताना आणि गोळी घेतल्यावर, असे दोनदा तपासून मगच निर्णय घेतात. स्मरणशक्ती फार ढासळलेली असेल तर नको म्हणतात. पेशी मरत जाण्याची मूळ प्रक्रिया या उपायाने थांबते असे सिद्ध झालेले नाही. थोड्या रुग्णांत मेंदूतला रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोकेही असतात.

मनाचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण तिकडे घरच्यांचे लक्ष नसते. डोपामिन केवळ हातपाय हलवत नाही, उमेदही देते. गोळ्या भराभर कमी झाल्या तर माणूस विझल्यासारखा होतो. उंदरांत या गाठीला वीज दिल्यावर मनःस्थितीशी संबंध असलेले सेरोटोनिन घटल्याचेही दिसले आहे. काही रोगी शस्त्रक्रियेनंतर उदास होतात, काही उतावळे. अण्णा दोन महिने गप्प गप्प होते. एवढा खर्च करून यांना आनंद कसा नाही, असे घरात कुजबुजले गेले. तो स्वभावाचा दोष नव्हता, रसायनांचा तोल होता. डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा आणि विजेचे प्रमाण हळूहळू जुळवत आणले, तसे ते पुन्हा बोलू लागले. आज त्यांचा हात थरथरत नाही, सदऱ्याच्या गुंड्या ते स्वतः लावतात, रोज तासभर गिरणीत जाऊन बसतात. आवाज मात्र बारीकच आहे आणि उंबरठ्याशी अजून ठेका धरावा लागतो. जेवढे मिळेल असे आधी समजून घेतले होते तेवढे मिळाले, म्हणून मन खट्टू झाले नाही.

आता याच्याही पुढची यंत्रे आली आहेत. ती मेंदूतला तो ठेका स्वतःच ऐकतात आणि लागेल तेवढीच वीज देतात. अमेरिकेत २०२५ मध्ये अशा यंत्राला मंजुरी मिळाली. मेंदूचे ऐकून मग उत्तर देणारे यंत्र!

न काढलेले चित्र

पार्किन्सनला यातले काहीच दिसायचे नव्हते. १८२३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्याला सुवर्णपदक दिले, ते मुख्यत्वे पुरातन जीवांवरच्या ग्रंथासाठी. कंपवाताच्या त्या लहान पुस्तकाला जगाच्या लेखी तेव्हा मोल नव्हते. पुढल्याच वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली आणि २१ डिसेंबर १८२४ रोजी तो वारला. ज्याने रस्त्यातल्या अनोळखी माणसांची चाल, हात, वाकलेली मान इतकी जिवंत रेखाटली, त्याचे स्वतःचे एकही खात्रीलायक चित्र आज उपलब्ध नाही. त्याचा म्हणून जो फोटो अनेक ठिकाणी छापला जातो तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. पार्किन्सन गेला तेव्हा फोटोची कलाच प्रचारात आली नव्हती!

त्याच्या पुस्तकातील उपचार आज कोणी करणार नाही. मानेजवळ रक्त काढावे, फोड आणावेत, असे त्या काळाला साजेसेच ते होते. पण हा रोग असाध्य म्हणून रोग्याला वाऱ्यावर सोडू नये, मूळ सापडले तर त्याची वाढ रोखण्याचा उपाय मिळू शकेल, ही त्याची भूमिका होती. मूळ सापडले आहे. वाढ रोखण्याचा उपाय अजून सापडायचा आहे. तोवर गोळी आणि तार मिळून रोग्याला बाजारपेठेत जाऊन बसण्यापुरते मोकळे करतात, आणि ज्याने घराबाहेर पडणेच सोडले होते त्याच्या लेखी ते थोडे नव्हे.

नंतर मात्र काम आपले आहे. लंडनच्या रस्त्यात पार्किन्सनने जे केले ते करायला यंत्र लागत नाही. थरथरणारा हात दिसला की नजर न वळवता दोन शब्द बोलावेत, एवढेच.